पावसाआधी बेण्याचे नर

पहाटे 5.30
मे महिन्यात जत तालुक्यात हे काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. पाऊस पडला की मेंढ्या माजावर येतील. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडेपर्यंत जवळपास 2 महिने जातात, म्हणजे आषाढात लागणारा माल आत्ताच घडतोय. बेण्याचे नर आजच तपासायचे.

6.15
कळपाचे मालक तात्या पहिला नर ओढून आणतात. "डाक्टर, नाक बघा की याचं!" माडग्याळ मेंढ्याची किंमत त्या बाकदार नाकावर ठरते, आटपाडीत एकाला 70 लाखांची मागणी झाली होती, ते इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण कळप काही नाकावर फळत नाही.

मी मागं बसतो. दोन्ही वृषण पिशवीच्या तळाशी ओढून धरले, सर्वांत रुंद जागी टेप गुंडाळला, न आवळता. 29 सेंटिमीटर. मग बोटांनी चाचपणी: दोन्ही सारखे, घट्ट, दाबले की लगेच उसळणारे. बुडाशी अंगठ्याएवढा उंचवटा लागतो. ती अधिवृषणाची शेपूट. तयार शुक्राणूंचा साठा तिथं असतो. वृषणाच्या एका ग्रॅममागे रोज सुमारे 2 कोटी शुक्राणू बनतात, म्हणून आकाराला एवढं महत्त्व. भर हंगामात नर दिवसातून कितीदा तरी मेंढीवर उडतो. साठा काही दिवसांत ओसरतो, आणि मग रोजच्या उत्पादनावरच भागवावं लागतं. वृषण लहान असतील तर तिथंच कमी पडतं, मेंढ्या फिरून माजावर येतात.

7.30
दुसरा नर देखणा, तात्यांचा लाडका. डावीकडं अधिवृषणात टणक गाठ, वृषणही आक्रसलेला. ब्रुसेला या जिवाणूच्या संसर्गाची शंका येते. रक्ताचा नमुना घेतला, त्याला कळपापासून वेगळा बांधायला सांगितलं. तात्या बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "घरच्या मेंढीचा हाय वो." मला त्यांचं दुःख कळतं, तरी या नराला मी होकार देणार नाही.

11.00
काम बंद. वृषण अंगापेक्षा 4 ते 6 अंश थंड राहिले तरच शुक्राणू नीट घडतात. नर बाभळीच्या सावलीत, पाणी जवळ.

सायंकाळी 5.00
राहिला एक वर्षाचा पोरगा नर: 22 सेंटिमीटर, अंगानं रोडावलेला. गाठ नाही, दोन्ही बाजू सारख्या. उपासमारीत वजनाआधी वृषण आटतात आणि खुराकानं भरतातही. आजपासून शेंगदाणा पेंड आणि मक्याचा भरडा. महिन्यानं पुन्हा टेप लावायचा. तोवर त्याला मेंढ्यांत सोडायचा नाही, असं तात्यांच्या मुलाला दोनदा बजावलं.