आकार उसना, नावही उसने?

महागड्या हेडफोनांच्या शौकिनांत एक वाद कायम रंगतो: ही प्रेरणा की उचलेगिरी? 1991 मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने ‘ऑर्फियस’ आणला. नाव ग्रीक पुराणातल्या गायकाचे, संच जेमतेम 300, हेडफोनचा क्रमांक ‘एचई 90’. पुढे 2015 मध्ये चीनच्या हायफायमॅनचा ‘एचई 1000’ आला. अक्षरे तीच, आतले तंत्र मात्र निराळे. ऑर्फियसचा पातळ पडदा स्थिर विद्युतभाराच्या ओढीने थरथरतो. एचई 1000 मध्ये पडद्यावरच्या वाहक पट्ट्यांतून वीज वाहते आणि चुंबकीय क्षेत्र त्याला हलवते.

पण ऑर्फियस तरी स्वयंभू कुठे होता? स्थिरविद्युत हेडफोन जपानच्या स्टॅक्सने 1960 मध्येच विकायला काढला होता. मोठा पडदा, कानाभोवती ऐसपैस वाटी, मागे उघडी जाळी हा घाट बराचसा ध्वनिशास्त्रच ठरवते. म्हणून नुसत्या दिसण्यावरून चोरी सिद्ध होत नाही. नावावर मात्र भौतिकशास्त्राची सक्ती नसते; तिथले प्रत्येक अक्षर कुणीतरी निवडलेले असते. दोन अक्षरांवर कुणाची मालकी नसते हे खरे. तरी जुन्या नावाची पुण्याई नव्या किमतीत मिसळते, तेव्हा ग्राहकाने जाब आकाराला नव्हे, आधी नावाला विचारावा.