बसथांब्यावरील इलेक्ट्रॉनिक कागद

बसथांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला सर्वप्रथम हवी असते ती माहिती. गाडी येणार किंवा नाही, येणार असल्यास केव्हा, एवढे कळले तरी थांबावे की पायी निघावे, हे त्याला ठरविता येते. छापील वेळापत्रक विलंबाची वार्ता देऊ शकत नाही. दिव्यांचे फलक ती देतात. परंतु त्यांना अखंड वीज लागते आणि भर उन्हात त्यांवरील अक्षरे फिकी दिसतात. या अडचणींवर 'इलेक्ट्रॉनिक कागद' हा एक उपयुक्त उपाय आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झालेल्या संशोधनातून १९९७ मध्ये 'ई इंक' ही कंपनी स्थापन झाली व या तंत्राचा प्रसार झाला. या कागदाच्या पटलात असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील द्रवात पांढरे व काळे कण असून त्यांवरील विद्युत्‌भार परस्परविरुद्ध असतात. विद्युत्‌दाब देताच एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात आणि अक्षर उमटते. दाब काढून घेतला तरी कण जागच्या जागी राहतात. त्यामुळे पटलाला वीज लागते ती केवळ मजकूर बदलताना. पटल छापील कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडातच वाचले जात असल्याने उन्हात अक्षरे ठसठशीत दिसतात.

संदेश ग्रहण करणाऱ्या यंत्रणेसह असा फलक लहानशा सौरपट्टीवर व बॅटरीवर चालू शकतो. वीजतारेसाठी रस्ता खोदण्याचा खर्च वाचतो. सिडनी येथे २०१५ मध्ये वाहतूक-सूचनांसाठी असे फलक उभारण्यात आले. लंडनच्या परिवहन संस्थेनेही त्याच सुमारास काही बसथांब्यांवर त्यांचा प्रयोग केला.

या फलकाला मर्यादाही आहेत. रात्री त्याला दिव्याची जोड लागते, कडाक्याच्या थंडीत मजकूर संथपणे बदलतो, आणि दृष्टिहीन प्रवाशांसाठी ध्वनीची वेगळी सोय करावी लागते. सर्वांत मोठा धोका मात्र त्याच्या गुणातूनच उद्‌भवतो. संपर्क तुटला किंवा वीज संपली, तरी जुना मजकूर तसाच झळकत राहतो आणि निघून गेलेल्या गाडीची वाट पाहत प्रवासी ताटकळतो. म्हणून माहिती अखेरची केव्हा बदलली, ती वेळ फलकावर दर्शविणे अगत्याचे आहे. गाडीचा ठावठिकाणा आगारातून वेळेवर व अचूक कळविला गेला, तरच फलकावरील अक्षरांवर लोकांचा विश्वास बसेल.