जुन्या गाडीचा संसार (भाग ७) : पासिंगला गाडी कुठे अडते?

गेल्या आठवड्यात जुनी गाडी घेताना कागद कसे तपासायचे ते पाहिलं. आता त्याच गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की काय होतं, ते बघू.

दिल्ली परिसरातल्या जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या वाचून आपल्याकडेही अनेकांनी चांगल्या गाड्या पडत्या भावात काढून टाकल्या. पण महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणीचं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरायचा आणि गाडी आरटीओत दाखवायची. फी मात्र एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. शिवाय पर्यावरण कर आहेच.

एवढा खर्च करायचाच आहे तर गाडी चकाचक करू, म्हणून लोक आधी इंजिन उघडतात, मग रंग काढतात. पण इंजिनाच्या तब्येतीशी निरीक्षकाला फारसं देणंघेणं नसतं. त्याचा पहिला प्रश्न असतो, ही गाडी आरसीवरचीच आहे का?

त्यासाठी चासी नंबर. अनेक गाड्यांत तो बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीत तिथे गंजाचे पोपडे असतात आणि ३ आहे की ८, हे सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे डेंटिंगवाल्याने चांगल्या मनाने तिथेही लांबी भरून रंग मारलेला असतो. नंबर वाचता आला नाही की काम तिथेच थांबतं. मग परवानगी काढून री-पंचिंग करावं लागतं. आपल्या मनाने आकडे ठोकून घेणं हा सरळ गुन्हा आहे. रंगकामाला गाडी देताना त्या जागेला हात लावू नको, एवढं बजावा. गंज असेल तर हलक्या हाताने ब्रश मारून ग्रीस लावून ठेवा. ग्राइंडर नको.

आरसीवर पेट्रोल आणि डिकीत सीएनजीची टाकी, हेही तसंच प्रकरण. किटची नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्टही.

पीयूसीत एक गंमत आहे. भारत स्टेज ४ चा नियम २०१० साली आधी मुंबई, पुणे, सोलापूर अशा तेरा शहरांत आला. बाकीकडे स्टेज ३ च. त्यामुळे त्या काळातलं एकच मॉडेल पुण्यात घेतलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. रत्नागिरीतल्या जुळ्या भावाला मात्र ०.५ टक्के आणि ७५० पर्यंत मुभा. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर एअर फिल्टर बघा, हायड्रोकार्बन वाढला तर प्लग. आणि गाडी थंड असताना चाचणीला नेऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामाला लागत नाही. वीसेक मिनिटं हायवेवर चालवून मग थेट नळी लावायला जा.

राहिले ब्रेक. ताशी ३० किलोमीटर वेगाला गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे, असा नियम आहे, आणि बहुतेक जुन्या गाड्या थांबतातही. घात होतो तो डाव्या-उजव्या चाकातल्या फरकाने. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळतो, तेल लायनरवर उतरतं आणि ते चाक धरतच नाही. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. रस्त्यावर आपल्याला याची सवय होऊन जाते, रोलरच्या मशीनवर मात्र ते आकड्यात दिसतं. हँडब्रेकची गंजलेली केबलही अशीच वर्षानुवर्षं खपून जाते.

बाकी किरकोळ. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला पॉलिश, हौसेने बसवलेले झगझगीत एलईडी उतरवून मूळ बल्ब. काळी फिल्म तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंद केली, तरी ती काढायला लोकांच्या जिवावर येतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. एवढं सगळं पाहिलं जातं, पण गाडी पिटवर घेऊन खालचा पत्रा क्वचितच कुणी ठोकून बघतं. सिलच्या पट्ट्या, सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा आणि ब्रेकचे लोखंडी पाइप आतून सडलेले असले, तरी पाच वर्षांचा शिक्का मिळून जाऊ शकतो. तेव्हा पासिंगच्या आधी ओळखीच्या मेस्त्रीकडे गाडी वर चढवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते पत्रे स्वतः टोचून बघा. टोक आत गेलं तर ५,००० भरण्याआधी वेल्डिंगचा अंदाज विचारा. तो आकडा गाडीच्या किमतीपुढे जात असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे : गाडी अधिकृत केंद्रात मोडीत कशी काढायची.