कमीत कमीचे बीजगणित

दोन आणि तीन मिळवले तर किती? पाच, असे कोणीही सांगेल. पण श्रोतेहो, बीजगणिताची एक शाखा अशी आहे, की तिच्यात उत्तर येते दोन! तिथे बेरीज करायची म्हणजे दोहोंतील लहान संख्या निवडायची, आणि गुणाकार म्हणजे आपली नेहमीची बेरीज. हे ‘उष्णकटिबंधीय’ बीजगणित. नावाचा गणिताशी काही संबंध नाही. ब्राझीलमध्ये काम करणारे गणिती इम्रे सिमॉन यांच्या गौरवार्थ फ्रेंच गणितज्ञांनी ते दिले.

आता हा खेळ कशासाठी? ही जोडी पाहा:

क्ष + य + १ = ०
क्ष + ०.१ य + ०.०१ = ०

प्रत्येक संख्या १ ला दहाने किती वेळा भागून मिळते, तेवढेच लिहू. १ साठी ०, ०.१ साठी १, ०.०१ साठी २. क्ष आणि य यांच्या अशा अंकांना प आणि फ म्हणू. मग पहिल्या समीकरणाची पदे प, फ, ०; दुसऱ्याची प, फ + १, २.

बेरीज शून्य यायची, तर सर्वांत मोठ्या पदाला खोडायला तेवढ्याच तोलाचे दुसरे पद हवे. मोठे पद एकटे पडले, तर त्याला खोडणार कोण? आणि मोठे पद म्हणजे आपल्या मोजणीत लहान अंक. म्हणून नियम असा, की प्रत्येक समीकरणात सर्वांत लहान अंक निदान दोनदा यावा. प = १, फ = ० घ्या. पहिल्यात १, ०, ०. दुसऱ्यात १, १, २. दोन्हीकडे जमले, आणि दुसरी कोणतीही जोडी जमत नाही. म्हणजे क्ष दशांशाच्या घरात, य एकाच्या घरात. नेहमीच्या रीतीने सोडवून पाहा: क्ष = ०.१, य = –१.१.

एका अव्यक्तासाठी ही युक्ती न्यूटनने १६७६ सालच्या पत्रांत सांगितली होती. पण समीकरणे वाढली, की कोणत्या दोन पदांची बरोबरी धरायची हाच पेच पडतो. तीन-तीन पदांची दहा समीकरणे असली, तर अशा निवडी होतात ५९,०४९! घात वाढले, की हे काम संगणकालाही जड जाते. तरी त्याचे मोल मोठे आहे. १९९५ साली ह्यूबर आणि स्टुर्मफेल्स यांनी अशाच विचारातून बहुपदी समीकरणे सोडवण्याची रीत दिली. सोप्या समीकरणांच्या उकलींपासून निघायचे आणि हळूहळू मूळ समीकरणांच्या उकलींपर्यंत पोचायचे. आधी सुमार, मग हिशेब!