आधी ठसा, मग डाय

शिरूर असो की दौंड, कापडाच्या दुकानाला भावाच्या चिठ्ठ्या, खोक्यावरची लेबले लागतातच. लग्नसराईत पत्रिकांचेही काम निघते. यासाठी दरवेळी पुण्याला हेलपाटा घालण्याचे कारण नाही. रबरी ठसा आणि कटिंग डाय यांची जोडी जमली, तर हे काम गावातच होते.

डाय म्हणजे प्लायवुडच्या फळीत बसवलेली धारदार पोलादी पट्टी. घडी पाडण्यासाठी बोथट, किंचित बुटकी पट्टी असते. पट्टीशेजारी चिकटवलेला स्पंज कापलेला कागद बाहेर ढकलतो.

मी पहिल्यांदा ५०० चिठ्ठ्या करून घेतल्या. ठसा सुरेख, डायही धारदार; पण ठसा मारताना कागद डाव्या कडेला टेकवला आणि कापताना उजव्या कडेला. कागद थोडे लहान-मोठे होते, त्यामुळे निम्मा माल रद्दीत गेला.

कापडावर ठसे मारणारा छिपा कारागीर ठशाच्या कोपऱ्यातील बारीक खुणेवर पुढचा ठसा बसवतो. कागदालाही तोच नियम आहे. एक कोपरा ठरवावा, त्यावर पेन्सिलीने खूण करावी आणि दोन्ही वेळा तोच कोपरा काटकोनी पट्टीला टेकवावा. हातकागदाच्या कडा वेड्यावाकड्या असतात. त्याचा एक कोपरा आधी काटकोनात कापून घ्यावा. जुन्नर आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील कागदी कारागिरांनी हातकागदाचे नाव केले. असा कागद पत्रिकेला शोभतो.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. ५ बाय ८ सेंटिमीटरच्या चिठ्ठीवर ४ बाय ७ चा ठसा घ्यावा. चारी बाजूंना ५ मिलिमीटर जागा राहते. ठसा १ मिलिमीटर सरकला तर एकीकडे ४ आणि दुसरीकडे ६ राहतील. गिऱ्हाइकाच्या नजरेत सहसा येत नाही. जागा दीडच मिलिमीटर ठेवली, तर तीच चूक डोळ्यांत खुपते.

क्रम मात्र मोडू नये. आधी ठसा, मग रात्रभर वाळवण, मग डाय. ओली शाई दाबाखाली पसरते. चकचकीत कार्डावर तर शाई उशिरा वाळते.

प्रथम २० नग करून पाहावेत, जमले तरच पुढचा कागद काढावा. यंत्र चालू असताना डायखाली बोट घालू नये. कागद पुन्हा मिळतो, बोट मिळत नाही.

ठसे मारणे आणि वाळवणे घरातल्या घरात होते. हुनर हाती आला, तर दुकानाचा खर्च वाचतो आणि दोन माणसांना कामही मिळते.