पाण्याची कमान, तारांची थाळी

बारामती-इंदापूरच्या शिवारात रेनगन सुरू झाली, की पाण्याची धार वर चढते, वळते आणि पिकावर उतरते. ही वाट म्हणजे जवळजवळ अन्वस्त. फेकलेली वस्तू याच वक्रावरून जाते, असे गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात मांडले. हवा मात्र गणिताला जुमानत नाही. तिच्या विरोधाने धारेची उतरती बाजू आखूड पडते. कागदावर 45 अंशांचा कोन सर्वांत लांब मारा देतो. शेतात वारा धार विस्कटतो, म्हणून नोझल त्याहून खालच्या कोनात ठेवतात.

अन्वस्ताची व्याख्या सोपी आहे. एक ठरावीक बिंदू आणि एक सरळ रेषा घ्या. दोन्हींपासून सारख्याच अंतरावर असलेले सगळे बिंदू जोडले, की अन्वस्त तयार होतो. त्या ठरावीक बिंदूला नाभी म्हणतात.

खरी गंमत नाभीतच आहे. अक्षाला, म्हणजे वक्राला मधोमध दुभागणाऱ्या रेषेला, समांतर आलेला प्रत्येक किरण वक्रावर आपटून तिथेच पोहोचतो. पुणे जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, नारायणगावजवळच्या खोडदला, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 थाळ्या याच गुणावर चालतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. थाळी पत्र्याची नाही, बारीक तारांच्या जाळीची. रेडिओ लहरींच्या लांबीपुढे जाळीची भोके इतकी लहान, की लहरी परततात. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त झाला.

थाळीची नाभी तळापासून सुमारे साडेअठरा मीटरवर आहे. या आकड्यांवरून थाळीची खोली सुमारे 6.8 मीटर निघते: त्रिज्येचा वर्ग भागिले नाभी-अंतराची चौपट.