बेरीज न होणाऱ्या संशोधनांचा मेळ

‘क’ जीवनसत्त्व भरपूर घेतले तर सर्दी टळते का? दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये पुस्तक लिहून ‘टळते’ असे ठामपणे सांगितले. सोबत अनेक प्रयोगांचे दाखलेही दिले. नेदरलँड्समधील संशोधक पॉल क्निपशिल्ड यांनी मग या विषयावरचे सगळेच प्रयोग शोधायचे ठरवले. १९९४ मध्ये त्यांनी लिहिले, की एकूण ६१ प्रयोग मिळाले. त्यांपैकी १५ नीट आखलेले होते. आणि या पंधरांतल्या पाचांचा पॉलिंग यांच्या पुस्तकात उल्लेखच नव्हता! सर्व चांगले प्रयोग एकत्र पाहिले, तर सर्दी टळत नाही, फार तर तिचा त्रास किंचित कमी होतो, असे दिसले.

पॉलिंग यांनी लबाडी केली असे आम्हांला म्हणायचे नाही. मनासारखा पुरावा चटकन सापडतो, नावडता नजरेआड होतो. हे आपणा सर्वांचेच होते. म्हणूनच ‘पद्धतशीर आढावा’ घेताना नियम आधी ठरवतात: प्रश्न कोणता, शोध कुठे घ्यायचा, कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते का वगळायचे.

अभ्यास हाती आल्यावर त्यांचे निष्कर्ष एकत्र कसे करायचे? सगळ्यांनी एकच गोष्ट सारख्याच मापाने मोजली असेल, तर गणिताने एक सरासरी काढता येते. जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये या पद्धतीला ‘मेटा-अ‍ॅनॅलिसिस’ हे नाव दिले. पण दर वेळी हे जमत नाही. समजा, हात धुण्याच्या सवयीवर तीन शाळांत प्रयोग झाले. एकीने साबण पुरवून गैरहजेरीचे दिवस मोजले. दुसरीने गोष्टी सांगून किती मुले हात धुतात ते पाहिले. तिसरीने नळ बसवून जुलाबाच्या तक्रारी नोंदवल्या. आता दिवस, मुले आणि तक्रारी यांची बेरीज कशी करणार?

अशा वेळी निष्कर्ष शब्दांत गुंफावे लागतात. याला ‘कथनात्मक संश्लेषण’ म्हणतात. कथन म्हटले तरी ही मनाला येईल तशी सांगितलेली गोष्ट नव्हे. जेनी पोपे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ब्रिटनमध्ये यासाठी मार्गदर्शिका तयार केली. तिच्यात चार अंगे आहेत. पहिले, उपाय कसा आणि का लागू पडत असावा याची कल्पना मांडणे. दुसरे, प्रत्येक अभ्यासाची माहिती तक्त्यात मांडून प्राथमिक चित्र उभे करणे. तिसरे, निष्कर्षांत फरक का पडला, याचा शोध घेणे. नळ शाळेत होता की दूर? मुले पहिलीतली की सातवीतली? चौथे, हा सारा पुरावा कितपत भक्कम आहे हे तपासणे.

येथे एक खड्डा आहे. ‘तीन अभ्यास बाजूने, पाच विरुद्ध, म्हणून उपाय निरुपयोगी’ अशी मतमोजणी अनेकदा होते. पण ते पाचही प्रयोग अगदी लहान असतील तर? वीस मुलांच्या प्रयोगात खरा परिणामही निश्चितपणे दिसत नाही. ‘परिणाम सिद्ध झाला नाही’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. शिवाय वीस मुलांच्या आणि दोन हजार मुलांच्या प्रयोगाला एकेकच मत कसे देणार?

कथनाच्या आडून मर्जीप्रमाणे निवड होऊ नये, म्हणून २०२० मध्ये नऊ मुद्द्यांची एक यादीही प्रसिद्ध झाली. अभ्यासांचे गट कसे केले, कोणाला अधिक महत्त्व दिले आणि का, हे लेखकाने उघड सांगावे, असा तिचा आग्रह आहे.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. ‘पहाटेचा अभ्यास चांगला लक्षात राहतो’ यासारखे एखादे विधान घ्या. मुलांना दोन्ही बाजूंचे अनुभव गोळा करू द्या, त्यांचा तक्ता करू द्या, फरकांची कारणे शोधू द्या. आणि शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: आपण कोणाला विचारायचे विसरलो?